मायच्या पायाखालचा पत्रा

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मायचे डोळे दाखवायला कारनं यवतमाळला चाललो होतो. दारव्हा सोडलं तर पुढं रुईच्या गाठी भरलेला ट्रक. त्याच्या मागं मागं जाताना रस्त्यात ट्रकच्या कमानपाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्टीचा, तुटका तुकडा पडलेला दिसला, पण तोवर तो चाकाखाली आलाच होता. पुढच्या चाकानं त्याला उभा केला. खालून कुणी सब्बल घातल्यासारखा आवाज झाला. माय म्हणाली, "काय झालं बाप्पा? पायाले वारं लागून राहिलं."

गाडी कडेला घेऊन मॅट उचलली. तिच्या दोन पायांच्या मधोमध वीतभर पत्रा फाटून आत उलटला होता, आणि फटीतून खालचं डांबर दिसत होतं. तिचा घोटा तिथून दोन बोटांवर. माझे हात किती तरी वेळ थरथरत होते.

इंजिन बंद करून खाली वाकून पाहिलं. हे प्रत्येकानं करावं, म्हणून सांगतो. पेट्रोलची आणि ब्रेकची नळी तळाला लागूनच मागं जाते. पेट्रोलचा वास येतो का, खाली ओल आहे का, ब्रेकचं पॅडल दाबल्यावर पार खाली जातं का, हे बघितल्याशिवाय गाडी पुढं काढू नये. माझ्या गाडीची एक क्लिप वाकली होती, नळ्या वाचल्या. मग मागं चालत गेलो, तो तुकडा शोधून डिक्कीत टाकला. मागून येणारा मोटरसायकलवाला त्यावर गेला असता तर?

पहिल्या डेंटरनं उभ्या उभ्याच सांगितलं, "पत्रा ठोकून रिव्हेट मारतो, वरून लांबी भरतो. पाचशे द्या." लांबी म्हणजे रंगाआधी भरतात ती पुट्टी. गाडी २०१२ ची, विमा नुसता थर्ड पार्टी, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान स्वतःच भरायचं. कापसाचे पैसे अजून हातात आले नव्हते. मी हो म्हणणारच होतो. पण माय तिथंच बसते, हे डोक्यातून जाईना.

यवतमाळच्या एका म्हाताऱ्या चाचांनी गाडी घोडीवर चढवली, बोटानं फाटलेली कड चाचपली आणि म्हणाले, "भाऊ, लांबी दरवाज्याले चालते, तळाले नाही. याच्यावर सीट बसते, सीटवर माणूस बसते." खरंच आहे. अशा कारला ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालची चौकट, नसते, तळाचा पत्रा हाच तिच्या सांगाड्याचा भाग. त्यात भोक राहिलं की सायलेन्सरचा धूर आत येऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

दोन दिवस मी तिथंच स्टुलावर बसून होतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मग सीट, मग सगळं मॅटिंग. त्याखालचा नमदा, म्हणजे जाड फेल्ट, भिजलेला निघाला, गेल्या पावसाळ्यातला असावा. तिथं गंजाची नारिंगी पावडर होती. पेट्रोलची नळी सोडवून बाजूला घेतली, वायरिंगवर ओलं पोतं टाकलं, शेजारी पाण्याची बादली. फाटलेल्या कडा ग्राइंडरनं चांगल्या पत्र्यापर्यंत कापल्या. २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिमी जाडीचा पत्रा कापून, हातोडीनं त्याला तळाचा आकार दिला.

वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅस सोडून तारेनं करतात ते. काडीच्या वेल्डिंगनं एवढा पातळ पत्रा जळतो, भोक आणखी वाढतं. चाचा सलग ओढत नव्हते. इथं एक टाका, मग समोरच्या कडेला एक, मग थांबायचं. थंड झाला की पुढचा. घाई केली तर पत्रा तापून पापडासारखा वाकडा होतो. शेवटी आतून टॉर्च लावून खालून पाहिलं. टाचणीच्या टोकाएवढा एक उजेड दिसला, तो भरला. मग झिंक प्रायमर, सांध्यांवर सीलर, आणि खालून अंडरकोटिंगचे दोन हात.

साडेचार हजार लागले. निघताना चाचांनी सांगितलं, मॅटखाली वर्तमानपत्र टाकून ठेवा, पाऊस झाला की उचलून बघा. मृगाचा पहिला पाऊस पडला, गुडघाभर पाण्याच्या नाल्यातून नाही, पण चिखलातून गाडी घरी आली. अंगणात मायनंच मॅट उचलली. कागद कोरडा होता.