टेक्सासमध्ये शाळेच्या फुटबॉल सरावाचा पहिला दिवस

ताईचा मुलगा यंदा नववीत गेला आणि शाळेच्या फुटबॉल संघात शिरला. हा फुटबॉल म्हणजे लांबोळक्या चेंडूचा, अमेरिकेतला. ऑगस्टच्या सुरुवातीला मी डॅलसजवळ प्लॅनोला तिच्याकडे होतो. "मामा, साडेपाचला निघायचं हं," असं भाच्यानं आदल्या रात्रीच बजावलं.

मैदानावर पोहोचलो तेव्हा अंधार होता. पार्किंगमध्ये शाळेच्या बँडचा सरावही सुरू होत होता. ढोलांचा आवाज ऐकून मला गणपतीआधीच्या पथकांच्या तालमी आठवल्या. पहिल्या दिवशी धडकाधडकी बघायला मिळेल या आशेनं जाऊ नका. नियमानं पहिले दोन दिवस अंगावर फक्त हेल्मेट असतं, खांद्याचे पॅड तिसऱ्या दिवशी आणि पूर्ण साज पाचव्या दिवशी चढतो. शरीराला उन्हाची सवय व्हावी म्हणून ही चढती भाजणी.

मी सांगलीत वीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो, त्यामुळे माझी नजर खेळापेक्षा पाण्यावर खिळली. आम्ही कबड्डी खेळायचो तेव्हा "मध्ये पाणी पिऊ नका, पोटात कळ येईल" असं सांगितलं जायचं. पुढे मीही मुलांना तेच सांगत आलो. इथं दर थोड्या वेळानं शिट्टी वाजते आणि सगळे पाण्याकडे धावतात. मध्ये कुणी मागितलं तरी लगेच मिळतं. तिपाईवर एक उपकरण होतं. ते तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा एकत्र मोजतं, आणि त्या आकड्यावर सराव चालू ठेवायचा की थांबवायचा ते ठरतं. कडेला बर्फाच्या पाण्यानं भरलेला टब होता. मुलाला उष्माघात झाला तर आधी तिथंच थंड करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. 2001 साली कोरी स्ट्रिंगर हा व्यावसायिक खेळाडू सराव शिबिरात उष्माघातानं गेला. त्याच्या नावानं कनेक्टिकट विद्यापीठात 2010 पासून एक संस्था याच विषयावर काम करते. त्या टबाशेजारी मी बराच वेळ उभा होतो.

जाणाऱ्यांसाठी : तारीख शाळेकडून नक्की करून घ्या, कारण वसंतात सराव घेणाऱ्या मोठ्या शाळा आठवडाभर उशिरा सुरू करतात. काही प्रशिक्षक पालकांना आत येऊ देत नाहीत, म्हणून आधी विचारा. कुंपणाबाहेर उभं राहा, दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो काढू नका. टोपी आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी हवंच. अॅल्युमिनियमचे बाक नऊपर्यंत इतके तापतात की बसवत नाही, तेव्हा घडीची खुर्ची न्या. या भागात गाडीशिवाय जमत नाही. वेळ असेल तर जवळच अॅलन गावातलं 18,000 आसनांचं स्टेडियम बाहेरून बघून या. 2012 साली ते एका शाळेसाठी बांधलं.

सराव संपल्यावर भाचा घामानं निथळत आला. "मामा, परवा पॅड मिळणार. येशील?" मी बुधवारसाठीही साडेपाचचा गजर लावला आहे.