युइंग, हकीम आणि ती बोटं

बास्केटबॉलमधले दोन दिग्गज: पॅट्रिक युइंग जमैकातल्या किंग्स्टनचा, हकीम ओलाजुवान नायजेरियातल्या लागोसचा. १९८४च्या अमेरिकन कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात युइंगच्या जॉर्जटाउनने हकीमच्या ह्यूस्टनला हरवलं. मी युइंगच्याच बाजूचा.

म्हणूनच १९९४च्या एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना पाहताना अजून घशात आवंढा येतो. हकीमचा संघ ह्यूस्टन रॉकेट्स युइंगच्या न्यूयॉर्क निक्सविरुद्ध ८६-८४ पुढे, शेवटचे क्षण. निक्सच्या जॉन स्टार्क्सने तीन गुणांसाठी चेंडू सोडला आणि हकीमची बोटं त्याला जेमतेम लागली. जेमतेमच! सातवा सामनाही रॉकेट्सनेच घेतला.

हकीमकडे दोन विजेतेपदं, युइंगकडे एकही नाही. हकीमच्या पायांतली चपळाई लहानपणच्या फुटबॉल-हँडबॉलची. तिला तोड नाही, मान्य. पण न्यूयॉर्कचा भार पंधरा हंगाम वाहिला तो युइंगनेच. ते जाड नीपॅड आठवतात ना?