कुलवृत्तांताची फाइल

विश्रामबागेतल्या निवृत्त शिक्षककाकांचा फोन आला की बहुधा प्रिंटरने कागद गिळलेला असतो. त्या दिवशी म्हणाले, "अरे, माझ्या सगळ्या फायलींची आडनावं बदललीत."

खरंच बदलली होती. प्रत्येक नावाच्या शेवटी चार अनोळखी अक्षरं आणि प्रत्येक फोल्डरात एक रीडमी: 980 डॉलर भरा, 72 तासांत संपर्क केलात तर 490. माझ्यासारख्या सांगलीतल्या कुठल्याही रिपेअरवाल्याला हा मजकूर पाठ असेल. स्टॉप-डीजेव्हीयू रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. हे घरगुती पीसींवरच पोसलं जातं.

आधी नेटची वायर काढली, मग रीडमीतल्या आयडीचा शेवट पाहिला. तिथे 'टी1' असतं तर कुलपाची चावी ऑफलाइन, अनेकांना तीच लावलेली, म्हणजे एम्सिसॉफ्ट कंपनीच्या कुलूप उघडणाऱ्या मोफत प्रोग्रामने कधीतरी फायली सुटायची आशा. नव्हतं. विंडोज मागच्या स्थितीत नेणारे रिस्टोर पॉइंटही पुसलेले.

पण हा व्हायरस घाईत असतो. फाइलीचा सुरुवातीचा साधारण 150 केबी भाग कुलूपबंद करतो आणि पुढच्या फाइलीकडे पळतो. त्यामुळे नातवाच्या मुंजीचे व्हिडिओ वाचले. त्याच कॅमेऱ्याची एक धड क्लिप नमुना म्हणून दिली आणि रिपेअर टूलने ते जवळजवळ अख्खे उभे केले. काकू खूश. काका बघेनात. त्यांच्या कुलवृत्तांताची प्रकरणं वर्डमध्ये होती, एकेक फाइल साठ-सत्तर केबीची. अख्खी गेली.

"बॅकअप आहे ना," ते म्हणाले. होता. रोज रात्री न चुकता कॉपी करायचे. फक्त ती हार्ड डिस्क कायम पीसीलाच लावलेली असायची, तिच्यावरही तीच चार अक्षरं.

आता या माणसाला बेसावध कसं म्हणायचं? ओटीपी सांगत नाहीत, बँकेच्या नावाने आलेली लिंक उघडत नाहीत. कुलवृत्तांत छापणाऱ्या प्रेसने पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरची फाइल मागितली म्हणून बाजारातल्या एका दुकानातल्या पोराने त्याच्या क्रॅकची, म्हणजे लायसन्सशिवाय चालणाऱ्या चोरट्या प्रतीची लिंक दिली. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने, डिफेंडरने, लाल इशारा दिला. काकांनी पोराला फोनही केला. तो म्हणाला, "क्रॅकला असं दाखवतंच, अँटिव्हायरस बंद करा, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा." काकांनी ते वहीत क्रमाने लिहून घेतलं आणि तसंच केलं. मग विंडोज अपडेटचा खोटा पडदा आला. तो पुरा होईपर्यंत मशीनला हात न लावता बसून राहिले!

व्हायरसच्या या कुळाबरोबर पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही बऱ्याचदा येतो. म्हणून आधी काकूंच्या मोबाइलवरून मेल आणि बँकेचे पासवर्ड बदलले, मग विंडोज नव्याने टाकलं. रोजच्या वापराला साधं अकाउंट दिलं, अ‍ॅडमिनचं वेगळं. प्रेसला मेल केलेली तीन प्रकरणं सेंट मेलमध्ये सापडली. बाकीच्यासाठी काका पुन्हा कोकणात जायचं म्हणतात, पण ज्यांना विचारून लिहिलं होतं त्यातले काही जण आता नाहीत.

त्या दुकानात मी गेलो होतो. पोरगा गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये सॉफ्टवेअर भरत होता, डिफेंडर बंद करूनच. "पाचशे रुपयांत लोकांना सगळंच हवं असतं, दादा," म्हणाला. ते खरंच आहे. माझ्याकडे येणारे लोकही लायसन्सचा भाव ऐकून त्याच्याकडेच जातात.