थांबता यावं म्हणून : आमची वाटचाल

आमचा कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, एक लेथ, दोन वेल्डिंग मशीन आणि नऊ माणसं. धान्य वाळवायची, चाळायची आणि साठवायची लहान साधनं आम्ही बनवतो. ज्यांची जमीन दोन हेक्टरच्या आत आहे अशा शेतकऱ्यांच्या अंगणात मावतील, एवढ्याच मापाची. यंत्र मोठं करा, मोठी गिऱ्हाइकं मिळतील, असं सांगणारे बरेच भेटतात. आम्ही ते केलं नाही. का केलं नाही हे सांगायचं, तर जिथे चुकलो तिथूनच सुरुवात करावी लागेल.

वडील शेतीची यंत्रं दुरुस्त करायचे. सुगीत आमच्या दारात मळणी यंत्रांची रांग लागे आणि रात्री दोन वाजता बेअरिंग बदलताना बॅटरी धरून उभं राहायचं काम माझ्याकडे असे. मळणी अडली की शेतकऱ्याचा जीव कसा टांगणीला लागतो, ते मी तिथे पाहिलं. त्यातून माझ्या मनाने घेतलं, की लहान शेतकऱ्याचं खरं दुखणं वेळेचं आहे. मजूर मिळत नाहीत, मळणी लांबते आणि तेवढ्यात पाऊस येतो. कमी अश्वशक्तीवर चालणारं, काम भराभर उरकणारं लहान मळणी यंत्र त्याला मिळालं की प्रश्न सुटेल. तसं यंत्र आम्ही केलं. चांगलं झालं होतं, त्यातली काही अजून चालू आहेत.

तिसऱ्या सुगीनंतर एक शेतकरी हिशेबाची वही घेऊन आले. भांडायला आले नव्हते. वही माझ्यासमोर उघडून म्हणाले, "दादा, तुमच्या यंत्रानं माझी मळणी आठ दिवस आधी उरकली. पण शेजाऱ्यांचीही उरकली. सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात बाजारात आला. मजुरीत वाचलं ते भावात गेलं. आता हप्ता कशातून देऊ?"

मला उत्तर देता आलं नाही.

पुढे वाचनातून कळलं की हे दुखणं जुनंच आहे. विलार्ड कॉक्रेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९५८ मध्ये त्याला ट्रेडमिलची, म्हणजे जागच्या जागी पळायच्या फिरत्या पट्ट्याची, उपमा दिली होती. नवं तंत्र आधी आणणाऱ्याला थोडे दिवस फायदा होतो. मग सगळेच ते आणतात, उत्पादन वाढतं आणि भाव उतरतो. ज्याने तंत्र घेतलं नाही तो मागे पडतो. ज्याने घेतलं तो आणखी जोरात पळूनही होता तिथेच राहतो. धान्य दुप्पट पिकलं म्हणून माणूस दुप्पट जेवत नाही, त्यामुळे थोडा माल जास्त झाला तरी भाव बराच खाली येतो. आम्ही शेतकऱ्याला या पट्ट्यावर अधिक वेगाने पळायला मदत करत होतो.

त्या वर्षी आम्ही नवीन यंत्रं करणं थांबवलं आणि एकच प्रश्न घेऊन फिरलो : माल तयार झाल्या झाल्या का विकता? उत्तरं निरनिराळ्या शब्दांत आली, पण मिळून तीनच होती. माल ओला आहे, ठेवला तर बुरशी धरेल. ठेवला तर कीड लागेल. आणि देणी दारात उभी आहेत.

पहिलं उत्तर आम्हाला आमच्या कामाचं वाटलं. पत्रा, पंखा आणि उष्णता यांचं गणित आम्हाला जमणार होतं. कापणीच्या वेळी दाण्यात बऱ्याचदा १८ ते २५ टक्के ओल असते. टिकवायचं तर तृणधान्य १२-१३ टक्क्यांवर आणावं लागतं आणि तेलबिया त्याहून खाली. दाणा जिवंत असतो, श्वास घेतो. ओला ढीग आतून तापतो, त्या उबेत बुरशी वाढते आणि त्याने ढीग आणखी तापतो. या बुरशीचं विष दिसत नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी अचानक मेले. खाद्यातल्या बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत तो माग पोचला आणि त्यातून या विषाचा, अफ्लाटॉक्सिनचा, शोध लागला. नेहमीच्या शिजवण्याने ते जात नाही. शेतकऱ्याच्या घरी तेच धान्य आधी खाल्लं जातं, म्हणून माझ्यासाठी हा विषय फक्त भावापुरता राहिला नाही.

ओल किती आहे, हे अनुभवी माणसं दाणा दाताखाली धरून सांगतात, आणि पुष्कळदा बरोबर सांगतात. पण व्यापाऱ्यापुढे दाताचा पुरावा चालत नाही. मोजायचं यंत्र त्याच्याकडे, आकडा त्याचा आणि कपातही त्याचीच. म्हणून कुणीही आलं की आम्ही आधी बाटलीची परीक्षा दाखवतो. कोरडी काचेची बाटली घ्यायची, एक तृतीयांश दाणे भरायचे, दोन-तीन चमचे अगदी कोरडं मीठ टाकायचं, झाकण लावून मिनिटभर हलवायची आणि पंधरा मिनिटं ठेवून द्यायची. मीठ काचेला चिकटलं तर ओल साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, अजून वाळवायला हवं. न चिकटता खाली सांडलं तर ओल निदान धोक्याच्या पातळीखाली आली. लांब मुदतीसाठी त्याहूनही खाली न्यावं लागतं. तिथे ओलमापक यंत्रच हवं. पण दारात बसून विकणाऱ्याला स्वतःचा आकडा असणं, ही गोष्ट बोलण्याचा सूरच बदलते. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

वाळवणी यंत्राच्या पहिल्या हंगामाबद्दल लिहायचं टाळलं तर ही वाटचाल खोटी ठरेल. एका गटाने आपलं बियाणं वाळवायला आणलं होतं. आम्ही उष्णता मोजत होतो ती यंत्रातून बाहेर पडणाऱ्या हवेची. हवा दाण्यातलं पाणी उचलते तेव्हा ती थंड होते, त्यामुळे बाहेर काटा निवांत दिसत होता आणि तळाचा थर भाजून निघत होता. बियाण्याला चाळीस अंशांच्या पुढे नेऊ नये. तळाला त्याहून बरंच जास्त गेलं होतं. दाणे दिसायला टवटवीत होते. पेरल्यावर निम्मेही उगवले नाहीत. आम्ही दुसरं बियाणं आणून दिलं, नुकसान भरून दिलं. पण ते त्यांचं घरचं वाण होतं, वर्षानुवर्षं निवडून राखलेलं. त्याची भरपाई आमच्याकडे नव्हती. गटातल्या एका मावशींनी थोडं बी गाडग्यात वेगळं ठेवलं होतं म्हणून ते वाण वाचलं. नाहीतर आमच्या हातून संपलं असतं.

तेव्हापासून हवा आत शिरते तिथे तापमापक बसतो. बियाण्यासाठी वेगळी खूण असते आणि त्या खुणेवर उष्णता आपोआप बंद होते. थर उथळ ठेवायचा, मधून मधून हलवायचा. काम हळू होतं. वेग कमी झाल्याची तक्रार येते तेव्हा मी हीच हकिकत सांगतो. सोबत जेम्स हॅरिंग्टन या बीजतज्ज्ञांनी सांगितलेला एक साधा ठोकताळा : ठराविक मर्यादेत, बियाण्यातली ओल एक टक्क्याने उतरली की त्याचं आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं. हळू वाळवल्यावर हाती काय येतं, ते यातून लोकांना चटकन पटतं.

किडीचं उत्तर आम्हाला शोधावं लागलं नाही, ते आधीच मिळालेलं होतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस लॅरी मर्डॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरूनमध्ये चवळी राखण्यासाठी काम केलं. आत प्लॅस्टिकच्या दोन जाड पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं, तोंड पिळून घट्ट बांधलेलं. आतली कीड श्वास घेऊन आतला प्राणवायू संपवते, मग तिचं खाणं थांबतं, अंडी घालणं थांबतं आणि ती मरते. औषध लागत नाही. आम्ही या पिशव्या बनवत नाही, पण वाळवणीबरोबर त्या कशा बांधायच्या हे शिकवतो, कारण ओलं धान्य हवाबंद केलं तर आंबतं आणि दोष पिशवीवर जातो. भिंतीला टेकवू नका, फळीवर ठेवा, उंदरापासून जपा आणि मधेच उघडून बघायचा मोह आवरा. शिकवण्यासारखं एवढंच आहे.

तिसरं उत्तर, देण्याचं. इथे आमची सगळ्यात मोठी चूक आम्हाला उशिरा दिसली. वाळवणी यंत्र देताना आम्ही हप्त्याची तारीख सुगीनंतर लगेचची ठेवली होती. पैसे तेव्हाच येतात, मग वसुलीही तेव्हाच, इतका साधा विचार. म्हणजे माल थांबवता यावा म्हणून आम्ही यंत्र दिलं आणि त्याच यंत्राच्या हप्त्यासाठी शेतकऱ्याला माल घाईने विकायला लावला. आमच्या हिशेबनीस ताईंनी एकदा वसुलीचे महिने आणि लोकांनी सांगितलेले विक्रीचे दिवस एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले. तो कागद पाहून मला बसल्या जागी कसंतरी झालं.

तारखा आम्ही पाच महिने पुढे ढकलल्या. त्या वर्षी पत्रा उधारीवर घ्यावा लागला, दोन महिने पगार तुकड्यांनी दिले आणि कामगारांनी सांभाळून घेतलं. हे ऋण मी विसरलो नाही. जर्मनीत फ्रीड्रिख रायफायझेन यांनी १८६४ मध्ये खेड्यातल्या लोकांच्या बचतीतून खेड्यालाच कर्ज देणारी पतसंस्था उभी केली, त्यामागेही सावकाराच्या तारखांतून सुटका हाच विचार होता. दीडशेहून अधिक वर्षं झाली, तरी लहान शेतकऱ्याच्या कर्जाची तारीख आजही पुष्कळदा त्याच्या पिकाच्या सोयीची नसते. माझ्या मते शेतीच्या भवितव्याबद्दल बोलताना ड्रोनच्या आधी या तारखांबद्दल बोललं पाहिजे.

थांबलं की भाव मिळतोच, असं आम्ही कधी सांगत नाही. एका वर्षी भाव वर गेलाच नाही, उलट घसरला. ज्यांनी सगळा माल ठेवला होता त्यांचं नुकसान झालं आणि एक कुटुंब आमच्याशी वर्षभर बोललं नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आता आम्ही सांगतो, निकडीपुरतं आधी विका, उरलेलं दोन-तीन वेळा मिळून विका. आणि भाजीपाला पिकवणाऱ्याला या पोत्यांचा काहीच उपयोग नाही. टोमॅटो थांबत नाही. त्यांच्यासाठी आम्ही काही करू शकलो नाही, ही खंत आहे.

यंत्र एका घराच्या मालकीचं असावं, हा आग्रहही सुटला. एका घरचं धान्य वाळवणं थोड्या दिवसांचं काम. नंतर यंत्र अकरा महिने कोंबड्यांखाली. आता बहुतेक यंत्रं गटांकडे आहेत, चाकांवर, या अंगणातून त्या अंगणात जाणारी. गट पोत्यामागे भाडं घेतो आणि त्यातून दुरुस्तीचा पैसा बाजूला काढतो. बेअरिंग आणि पट्टे आम्ही मुद्दाम सर्रास मिळणाऱ्या मापाचे वापरतो. सुट्या भागासाठी आमच्यावर अवलंबून राहावं लागलं, तर ऐन सुगीत यंत्र बंद पडेल आणि गटही मोडेल.

हे गट चालवणाऱ्या बहुतेक स्त्रिया आहेत, हे आम्हाला यंत्र पोचवल्यावर कळलं. आधी कळायला हवं होतं. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०११ च्या अहवालात विकसनशील देशांतल्या शेतीतल्या श्रमशक्तीत स्त्रियांचा वाटा सरासरी ४३ टक्के सांगितला होता. तरीही आमच्या पहिल्या यंत्राचं धान्य ओतायचं तोंड माझ्या खांद्याच्या उंचीवर होतं. एका ताईंनी विचारलं, "हे पोतं मी डोक्यावर उचलून ओतायचं का?" पुढच्या यंत्रात ते तोंड कमरेच्या उंचीवर आणलं, तिथून धान्य वर चढवायला लहान फिरती पंखी लावली. पुरुषांनाही तेच बरं पडतं.

शेती मोठ्यांच्या हाती जाणार, लहान शेतकरी संपणार, असं बैठकांमध्ये ठामपणे बोललं जातं. आकडे वेगळं सांगतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार जगात सुमारे ६१ कोटी शेतं आहेत. त्यातली ८४ टक्के दोन हेक्टरांहून लहान. शेतजमिनीतला त्यांचा वाटा सुमारे १२ टक्के आणि जगाच्या अन्नातला सुमारे ३५ टक्के. एवढी माणसं एवढ्याशा जमिनीवर एवढं पिकवतात. कापणीपासून किरकोळ दुकानापर्यंत पोचण्याआधीच जगातलं सुमारे १४ टक्के अन्न वाया जातं, असा अन्न व कृषी संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे. आणखी पिकवा असं सांगण्याआधी, पिकलेलं त्यांच्या हातात राहू द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

काळजी वाटते ती दोन गोष्टींची. कापणीच्या दिवसांत पाऊस आता कधीही येतो. उन्हाच्या भरवशावर खळ्यात पसरलेलं धान्य एका दुपारी भिजतं. आणि शेतात दिसणारे हात म्हातारे होत चालले आहेत. मुलं शिकून बाहेर पडतात, त्यात गैर काही नाही. पण एका गटात तिघी तरुण मुलींनी यंत्र चालवण्याचं आणि ओल मोजण्याचं काम अंगावर घेतलं आहे, त्यातून त्यांना स्वतःची कमाई होते. शेती सोडलेलीही नाही आणि फक्त नांगरामागेही त्या नाहीत. अशी मधली कामं खेड्यात किती निर्माण होतात, त्यावर पुष्कळ काही ठरेल असं मला वाटतं.

येत्या सुगीसाठी सहा यंत्रं तयार आहेत, दोन सौर पंख्यावर चालणारी. ढगाळ दिवशी ती किती काम करतात, ते आम्ही याच महिन्यात मोजतो आहोत. मोजून होईपर्यंत ती विकणार नाही. सातव्याचा पंखा अजून घरघरतो. तो उघडून ठेवला आहे, उद्या सकाळी त्यालाच हात घालायचा आहे.