आठवी 'ब' आणि वालाचं बिरडं

हीरकमहोत्सव समितीचं पत्र ई-मेलने आलं. 'परदेशात राहून शाळेचे संस्कार कसे जपले' या विषयावर लिहा, असं त्यात म्हटलंय. विषय मोठा आहे आणि मला फक्त बाईंबद्दल लिहायचंय, तेव्हा समितीने सांभाळून घ्यावं. बाई म्हणजे आठवी 'ब'च्या, भूगोलाच्या. आपल्या बॅचला नाव सांगायची गरज नाही. स्नेहसंमेलन, खो-खोची ढाल, दहावीचा निकाल यांवर बाकीचे लिहितीलच.

मी खाडीपलीकडचा. ऐरोलीच्या पुढचं आमचं गाव तेव्हा नुसतं गाव होतं, नवी मुंबई अजून बरीचशी नकाशातच होती. चौथीनंतर वडिलांनी हट्टाने ठाण्याला, नौपाड्यातल्या शाळेत घातलं. आमच्या आगरी घरात पाण्याला पानी म्हणतात आणि शाळेला शाला. वर्गात त्यावर हशा पिकायचा. त्यामुळे बस कळव्याच्या पुलावर आली की मी मनातल्या मनात जीभ वळवून बघायला लागायचो. पुढे जर्मनीत श्टुटगार्टला गेल्यावर नातेवाईक विचारायचे, परक्या मुलखात जड गेलं का रे? आता काय सांगणार, परका मुलूख मला पाचवीतच भेटला होता, खाडी ओलांडली की.

आठवीत भरती-ओहोटीचा धडा होता. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीला भांगाची, हे सगळ्यांना तोंडपाठ. बाईंनी विचारलं, "बरं, अष्टमीला आपल्या खाडीवर जाऊन उभं राहिलं तर काय दिसेल?" वर्ग गप्प. मी हात वर न करताच बोलून गेलो, "पानी वर येत नाय, बाई. उघाडी उघडून उपेग नाय." मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाई तिकडे वळल्या, "हसा, हसा. परीक्षेत हाच प्रश्न घालणार आहे." आणि खडू माझ्या हातात दिला.

फळ्यावर मी आजोबांचं मिठागर काढलं. उधाणाचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आधी मोठ्या तळ्यात घ्यायचं, तिथून एकामागून एक उथळ वाफ्यांत सोडायचं. उन्हाने ते आटत आटत दाट होतं आणि शेवटच्या लहान वाफ्यात मीठ धरतं. पण त्याआधी वाफ्याची जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावी लागते, नाहीतर मिठात चिखल उतरतो. तास संपल्याची घंटा झाली तरी बाईंनी मला थांबवलं नाही. गणिताचे सर दारात उभं राहून ऐकत होते. (गणिताचा तास बुडाला म्हणून का होईना, वर्गाने त्या दिवशी मला आपलं मानलं.)

मधल्या सुट्टीत बाईंनी बोलावलं. "उत्तरपत्रिकेत बाणाचा ण आणि बाळाचा ळ आलाच पाहिजे, तिथे मी मार्क कापणार. पण घरी आजीशी माझ्यासारखं बोलायला जाऊ नकोस. तिला वाटेल पोराला ताप आलाय." मार्क त्यांनी खरंच कापले.

मग त्यांना मिठागर बघायचं होतं. जानेवारी १९८४ मध्ये उरणकडे, जासई-नवघर भागात, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. शहरातली माणसं आमच्या गावांकडे यायला बिचकत होती, त्या दिवसांत एका रविवारी बाई पायात कॅनव्हासचे बूट घालून बसमधून उतरल्या. दोन तास बांधावरून हिंडल्या, वहीत लिहून घेतलं, आजोबांना त्यांच्या तोंडावर "गुरुजी" म्हणाल्या. आजोबा पुढे कितीतरी वर्षं ते गावभर सांगत होते.

बाई मासे खात नाहीत हे आजीला मी आधीच सांगितलं होतं. तिने वाल सोलून बिरडं केलं होतं, पण पंगतीला बाकी सगळ्यांच्या ताटात निवट्यांचं कालवण. आजी ओशाळून त्यांचं पान वेगळं, आत मांडायला निघाली. बाई म्हणाल्या, "मी मासे खात नाही, पण तुम्ही खाता त्याचं मला काही नाही. मी इथेच बसते." आणि पडवीत आमच्या रांगेत, काट्यांच्या ढिगाशेजारी बसून त्या तांदळाची भाकरी आणि बिरडं जेवल्या. भाकरी त्यांनी मागून घेतली. नाक मुरडलं नाही आणि आपण फार मोठं काही करतोय असा आवही आणला नाही.

शाळेने मला काय दिलं, असं समिती विचारते. ती पंगत दिली.

२००० साली जर्मनीने परदेशी संगणक तंत्रज्ञांसाठी ग्रीन कार्ड सुरू केलं, त्यात मी गेलो. त्याच वर्षी तिथल्या एका राज्याच्या निवडणुकीत 'भारतीयांऐवजी आपली मुलं' अशा अर्थाची घोषणा गाजली होती, त्यामुळे स्वागताबद्दल फार कल्पना नव्हत्या. कंपनीच्या कँटीनमध्ये पहिल्याच आठवड्यात मसूर आणि श्पेट्झले आले. श्पेट्झले म्हणजे जाडसर, ओबडधोबड शेवया. वर सॉसेज. मी म्हटलं, सॉसेज नको, बाकी भरपूर वाढा. शेजारच्याने विचारलं, धर्मामुळे का? म्हटलं, घरच्या सवयीमुळे, तू खा, मी इथेच बसतोय. जर्मन माझं तेव्हा कच्चंच होतं, पण हे वाक्य पडवीत ऐकलेलं होतं.

आणि श्टुटगार्टची माणसं निघाली आमच्यासारखीच! ऑफिसात प्रमाण जर्मन, जिन्यात श्वेबिश, त्यांची बोली. उत्तरेकडचे तिला हसतात. त्यांच्या राज्याने १९९९ मध्ये जाहिरातच काढली, 'आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून.' सरकारी खर्चाने, मोठमोठ्या फलकांवर. ती पाहिली तेव्हा बाईंना आंतरराष्ट्रीय फोन लावला होता. बाई मनमोकळं हसल्या आणि मग म्हणाल्या, "पण तुझं व्याकरण नीट कर. हसण्यावारी नेऊ नकोस." केलं. आज विभागप्रमुख आहे, हाताखाली अनेक देशांची माणसं आहेत. नवीन आलेला पोरगा आपला डबा लपवून खाताना दिसला की त्याच्या टेबलावर जाऊन बसतो.

घरात आम्ही आगरीच बोलतो. मुलगी शेजारच्या आजींशी श्वेबिश बोलते, गावच्या आजीशी फोनवर आगरी. जिना झाडायची पाळी आली की शेजारी दाराला पाटी लावून जातात, ती वाचून "आपली पाली आली" असं ओरडते. बाल्कनीत बोंबील तळतो तेव्हा आधी खालच्या मजल्यावर सांगून येतो. खालचे खिडकी लावून घेतात, पुन्हा उघडतात. भांडण नाही.

वाईट वाटतं ते गावी आल्यावर. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर सात-सात मजले उभे आहेत आणि भावकीतली पोरं आपापसांत हिंदी बोलतात. आगरी फक्त हळदीच्या रात्री, गाण्यापुरती. मिठागर गेलंच. गेल्या वेळी शाळेतही डोकावलो. भूगोलाची खोली, तो उठावाचा नकाशा, ज्यावर सह्याद्री हात लावून लावून गुळगुळीत झाला होता, काही नाही. तिथे प्रोजेक्टर आहे. असो. प्रोजेक्टर हवाच.

बाईंना आता कमी ऐकू येतं, म्हणून मी पत्र लिहितो. त्या शुद्धलेखन तपासून उत्तर पाठवतात.

समितीने देणगीबद्दल विचारलंय. माझी एक अट आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही गेलं, आणि ऐरोलीहून बोट मिळते. दरवर्षी आठवीच्या मुलांना तिथे न्या. बसचे आणि बोटीचे पैसे मी देतो. तारीख मात्र भरतीच्या वेळा बघून ठरवा, सोयीची सुट्टी बघून नको. पाणी नसलं तर बोट सुटत नाही.