शेवटची दोन मिनिटं, गोली नाही

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये वाढलेल्या माणसाला गोल मोकळा सोड म्हणणं म्हणजे वाड्याचा दरवाजा सताड उघडा टाकून परगावी जा म्हटल्यासारखं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ... एकेका संघाच्या नावामागे अख्खी पेठ शाहू स्टेडियमवर येते. मी त्याच गर्दीपुढे स्टॉपर, म्हणजे गोलपुढचा मधला बचावपटू, म्हणून तयार झालो. बॉल आला की लांब भिरकावायचा, गॅलरी खूश, आपण मोकळे.

त्या लाथेवर मुंबईत एका ऑफिसच्या टीमचा करार मिळाला, कुपरेज मैदानावर लीग खेळलो. २०१० साली महिंद्रा युनायटेडसारखा संघ बंद झाला तेव्हा आमच्या ड्रेसिंगरूममध्ये कुणी फार बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं होतं. पुढे आमचीही टीम गुंडाळली.

मग पोट भरलं ते रिंकवर. पाच-पाच जणांच्या स्पर्धा, खाली सिमेंट, मॅचमागे रोख पैसे. गुडघे सोलून निघायचे. लांब मारायला तिथे जागाच नसते. बॉल तळव्याखाली दाबून धरायचा, समोरच्याला अंगावर येऊ द्यायचं, तो आला की त्याने सोडलेल्या जागेत पास. एवढी साधी गोष्ट मला कुपरेजने शिकवली नाही, रिंकने शिकवली, तीही तिशीत. २०२१ मध्ये दिल्लीत फुटसालची, म्हणजे हॉलमधल्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलची, पहिली राष्ट्रीय क्लब स्पर्धा झाली तोवर माझ्या गळ्यात कोचची शिट्टी आली होती.

आता मी गोल मोकळा सोडला त्या दिवसाचं सांगतो. शाळकरी मुलांची फुटसाल स्पर्धा, इनडोअर हॉल. माझी पोरं लाल मातीतली. खांदा लावणं, मागून शर्ट ओढणं हा त्यांचा रोजचा खेळ. फुटसालमध्ये असा प्रत्येक फाउल टीमच्या नावावर जमा होतो. हाफमध्ये पाच झाले की टेबलावर खूण ठेवतात, आणि सहाव्यापासून समोरच्याला दहा मीटरवरून थेट किक, मध्ये भिंत नाही. आमची खूण हाफ निम्माही झाला नव्हता तेव्हाच लागली. सहावा फाउल आमच्या स्टॉपरने केला, नववीतला पोरगा, अंगाने दणकट. गोल. मग तो माझ्याकडे न बघता नुसता बुटाच्या नाड्या बांधत बसला.

दुसऱ्या हाफात जरा सावरलो. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा २-३ मागे होतो. घड्याळ बॉल बाहेर गेला की थांबतं, त्यामुळे दोन मिनिटं म्हणजे खरीच दोन मिनिटं. मी टाइमआउट मागितला आणि पिशवीतून गोलीचा, म्हणजे गोलकीपरचा, जुना शर्ट काढला. त्याच्या पाठीला मी घरी कात्रीने चौकोनी भोक पाडून आणलं होतं. गोलीच्या जागी खेळाडू उतरवला तर त्याच्या अंगावर गोलीचा रंग हवा आणि पाठीवर त्याचा स्वतःचा नंबर दिसायला हवा. शर्टावर शर्ट, भोकातून नंबर. तो मी स्टॉपरच्या हातात दिला.

"सर, मी? आणि आपला गोल?"

"मोकळा. तू सेंटरलाइनच्या पुढेच राहायचंस. मारायचं नाही. तळवा ठेव."

आम्ही पाचही जण पुढे, त्यांचा गोली गोलात, म्हणजे अडवायला त्यांचे चारच. मागे गॅलरीतून पेठेतले एक नाना ओरडले, "मास्तर, डोकं फिरलं काय तुमचं? गोल कोण राखणार?" पंचांनीही वळून पाहिलं.

बॉल उजवीकडे, परत मध्ये, डावीकडे, परत मध्ये. दोनदा पोराचा उजवा पाय मागे गेला, मारायच्या बेतात. मी खुर्चीची कड धरून गप्प. कोचला खेळाडूपेक्षा जास्त घाम येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्यांदा त्याने बॉलवर तळवा ठेवला आणि थांबला. नुसता थांबला. त्यांच्या पोराला राहवेना, तो बाहेर धावून आला. स्टॉपरने त्याच्या बगलेतून पास सोडला आणि लांबच्या खांबापाशी आमच्या विंगरने नुसता पाय लावला. ३-३.

मी लगेच खरा गोली आत पाठवला. शेवटी टायब्रेकरमध्ये हरलो, त्याचं फारसं काही नाही, पेनल्टी आम्ही मातीवरच मारल्यासारख्या मारल्या. नाना मात्र खाली उतरून आले, तो शर्ट हातात घेऊन भोकातून बोटं घालून पाहिली आणि म्हणाले, "पोरगं थांबलं कसं ओ? माझं तर काळीज तोंडात आलं होतं."

सोमवारी सरावाला प्रत्येकाला तो शर्ट घालायचा होता. मी तो पिशवीतून काढलाच नाही. सगळ्यांना जोडीने उभं केलं, हात पाठीमागे बांधायला लावले आणि शर्ट न ओढता बॉल कसा काढायचा, यावरच पूर्ण तास घेतला.