काठीच्या टोकावर मी

शेवटच्या दिवशी मी सात वेळा लिफ्टने वर गेले, सात वेळा स्नोबोर्डवरून खाली आले आणि संध्याकाळी कॅमेऱ्यात बरोबर सात व्हिडिओ होते. हिशोब चोख. फक्त एकाही व्हिडिओत मी बर्फावर घसरत नव्हते.

डोंगर कुठला, तिथे कसे पोहोचलो, कुठे राहिलो हे लिहीत बसत नाही. पहिले दोन दिवस नुसते पडण्यात गेले, आणि माकडहाडाला सगळे डोंगर सारखेच. मला बोलायचंय त्या काठीबद्दल.

काठी धाकट्या भावाची. उघडली की मीटरभर लांब, टोकाला मुठीत मावणारा ॲक्शन कॅमेरा. तो दहा वर्षं स्नोबोर्ड चालवतोय आणि त्याच्या व्हिडिओत काठी दिसतच नाही, जणू कुणीतरी त्याच्या पुढे उलटं धावत शूटिंग करतंय. मला वाटायचं, नंतर बसून पुसत असेल. पण त्याच्या कॅमेऱ्याला दोन्ही बाजूंना भिंगं आहेत, प्रत्येक भिंग अर्ध्याहून जास्त जग बघतं, आणि दोन चित्रं जिथे शिवली जातात नेमकी त्या शिवणीत काठी गडप होते. मला मिळाला त्याचा जुना, एकाच भिंगाचा. काठी दिसणारा.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "ताई, मी मागून काढतो ना तुझा व्हिडिओ." मी म्हटलं, काही नको, माझा मी काढीन. हा या सहलीतला सगळ्यात महागात पडलेला बाणेदारपणा.

माझा डावा पाय पुढे असतो. मी काठी डाव्या हातात, समोर धरली, कॅमेरा माझ्याकडे तोंड करून. आता बोर्डवर पहिल्याच तासाला शिकवतात की जिकडे बघाल तिकडे जाल. मान वळली की खांदे वळतात, खांद्यांमागून कंबर, आणि कंबरेमागून बोर्ड. मी बघत होते कॅमेऱ्याकडे, आणि कॅमेरा होता माझ्याच हातात. म्हणजे मी माझ्याच हाताचा पाठलाग करत उतारभर भरकटत होते. त्यात दीडशे ग्रॅमची ती डबी मीटरभर लांबीच्या टोकाला बसली की मनगटाला किलोभर वाटते. हात खाली येतो, खांदा झुकतो. बोर्डच्या टाचेकडच्या कडेवरून बोटांकडच्या कडेवर जाताना मी मधेच कॅमेऱ्यात बघून हसले, बोर्ड क्षणभर सपाट झाला आणि उताराकडची कड बर्फात रुतली. बोर्डवाले ज्याला 'एज कॅच' म्हणतात ते हेच, आणि ते इतकं झटकन होतं की हात टेकायलाही वेळ मिळत नाही.

तो व्हिडिओ मात्र पूर्ण आहे. आधी माझं हसू. मग आकाश. मग हेल्मेटची कड, एक हातमोजा, आणि मग बर्फाचं पोट: अंधारं, निळसर, आत बारीक कणांची हालचाल. पाठीमागून दबल्या आवाजात "आई गं." मग बराच वेळ काहीच नाही. भावाने तो घरच्या ग्रुपवर टाकलाय. धन्यवाद.

स्नर्फर नावाच्या प्रकाराबद्दल तेव्हाच कळलं. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकांना जोडल्या, तोच स्नर्फर, आणि आजच्या स्नोबोर्डची गोष्ट बरीचशी तिथून सुरू होते. विकायला आलेल्या स्नर्फरच्या नाकाला दोरी असायची, ती हातात धरून तोल सांभाळायचा. भाऊ म्हणाला, नंतर पाय बांधायला बाइंडिंग आली आणि दोरी गेली. मी म्हटलं, मग माझ्या हातात हे काय आहे? दोरीचा निदान उपयोग तरी होता.

दुपारी मी काठी मागच्या, उजव्या हातात घेतली, बर्फापासून वीतभर उंचीवर, आणि कॅमेऱ्याकडे बघायचं नाही अशी स्वतःलाच तंबी दिली. हे जमलं. कॅमेरा खाली असला की कडेने उडणारा बर्फ थेट भिंगासमोरून जातो आणि गोगलगायसुद्धा वेगवान वाटते. तोच कॅमेरा डोक्याच्या उंचीवरून धरला तर त्या रुंद भिंगात डोंगराचं मैदान होतं. जिथे माझे गुडघे लटपटत होते तो उतार व्हिडिओत बागेतल्या पायवाटेसारखा आहे. बर्फही राखाडी. कॅमेरा सगळ्या चित्राची सरासरी काढून ते करड्यावर आणून ठेवतो, त्यामुळे पांढराशुभ्र डोंगर त्याला जरा जास्तच उजळ वाटतो. एक्सपोजर, म्हणजे चित्राचा उजेड, मुद्दाम थोडं वाढवून ठेवायला लागतं. हे मला खोलीत गेल्यावर कळलं.

त्याच उतारावर एकजण मागून आला आणि ओरडला. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे उतारावर कसं वागायचं याचे दहा नियम आहेत, त्यातला तिसरा माझ्या बाजूचा आहे: मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही अशी वाट निवडायची. तेव्हा चूक त्याची. पण तो शेजारून निघाला त्याच क्षणी मी काठी आडवी केली आणि मीटरभर रुंद झाले. त्याने मला काय म्हटलं ते भाषा न समजताही समजलं.

बॅटरीचं तर विचारूच नका. साठ टक्के दाखवत असताना कॅमेरा मेला. थंडीत या लिथियम बॅटरीच्या आतलं काम मंदावतं, विद्युतदाब घटतो आणि कॅमेऱ्याला वाटतं संपली. आतल्या खिशात, पोटाशी धरून बसले तर वीस मिनिटांत पुन्हा जिवंत.

चौथ्या दिवशी वारा होता, लिफ्ट बंद. झोपलो.

पाचव्या दिवसाची तयारी मी शहाण्यासारखी केली. बॅटरी वाचावी म्हणून कॅमेऱ्याचे बीप बंद, लाल दिवा बंद, पुढचा स्क्रीन बंद. मूक, आंधळा कॅमेरा. खाली लिफ्टच्या रांगेत एकदा बटण दाबून पाहिलं आणि परत दाबून बंद केलं, असं मला वाटलं. जाड हातमोज्यातून ते दुसरं दाबणं लागलंच नव्हतं. मग वर पोचून मी 'सुरू' केला, म्हणजे बंद केला. खाली येऊन 'बंद' केला, म्हणजे सुरू. दिवसभर असंच.

आणि काय दिवस होता! रात्री पडलेला ताजा बर्फ, ऊन, पहिल्यांदाच एकामागून एक सहा वळणं न पडता. कशाचाही पुरावा नाही.

व्हिडिओत आहे ती लिफ्ट. प्रत्येक वेळी सहा मिनिटं. मिटलेली काठी माझ्या मांडीवर, कॅमेरा वर तोंड करून. दोन हनुवट्या, हेल्मेटचे पट्टे, मधे आकाश, आणि दर अर्ध्या मिनिटाने खुर्ची खांबावरून जाते तेव्हा खडखडाट. खाली एका पायाला लटकलेला बोर्ड मांडी ओढत होता हे आठवतं, दिसत मात्र नाही. ऐकू येते ती मी. मी आधीच्या फेरीबद्दल बोलते. गुडघे कसे वाकवले, काठी कुठे धरली, आता कॅमेरा कसा लावणार. भाऊ "हं" म्हणतो. सात व्हिडिओ, बेचाळीस मिनिटं. आम्ही वर्षातून एकदा भेटतो. मी इतकी बोलते हे मला खरंच माहीत नव्हतं.

पाचव्या फेरीत मी मधेच थांबते, बहुतेक नाक पुसायला. तो म्हणतो, "ताई, मी काय म्हणत होतो, उन्हाळ्यात आपण दोघं..." खुर्चीचा दांडा वर उचलल्याचा आवाज. "थांब थांब," मी म्हणते, "आधी कॅमेरा लावू दे."

तिथे व्हिडिओ संपतो.

मी लगेच पलीकडच्या पलंगावर विचारलं, उन्हाळ्यात काय म्हणत होतास? त्याने फोनमधून डोकंही वर काढलं नाही.

"कुठल्या उन्हाळ्यात?"